नवं मशीन राहू द्या, आधी विळीला धार लावा

पत्र

ताई, नमस्कार. मी पारोळ्याला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरात आई, बायको आणि दोन मुलं. बायको धुळ्याला नोकरीला जाते, सव्वाआठची बस चुकली की तिचा अख्खा दिवस बिघडतो. आईचं वय सहासष्ट. बोटांचे सांधे धरलेत, तरी भाकरी तीच करते. पोळ्या, भाजी आणि डबे बायकोकडे. सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरात नुसती धांदल, आदळआपट आणि चिडचिड. बायकोने वर्षभरात ऑनलाइन दोरी ओढायचा चॉपर, रोटीमेकर, नॉनस्टिक तव्यांचा सेट आणि बरंच काही मागवलं. त्यातलं बहुतेक माळ्यावर पडलंय. आई म्हणते, "मशीनना ठेचाले चव नही," आणि विळी सोडत नाही, की ठेचा कुटायची लाकडी बडगी सोडत नाही. आता बायकोच्या मनात नऊ हजारांचा फूड प्रोसेसर आहे. आईच्या मते ती पैशांची नासाडी. घ्यावा का? की दोघींचा त्रास कमी होईल असं दुसरं एखादं मशीन सुचवाल?

ता. क. आईची बडगी तडकली आहे. टाकून नवी आणू का?

दोघींच्या मध्ये सापडलेला, पारोळा

उत्तर

भाऊ,

फूड प्रोसेसर घेऊ नका. पण हे वाक्य आईला वाचून दाखवू नका, नाहीतर "पाह्य, मी काय सांगत होते" सुरू होईल आणि सूनबाईचं म्हणणं तिथेच बुडेल. सूनबाईला वेळ हवाय, आणि तिची मागणी अगदी रास्त आहे. तो वेळ त्या नऊ हजारांच्या खोक्यात मिळणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या घरी सकाळी किती भाजी लागते? पाच माणसांची, म्हणजे अर्धा-पाऊण किलो. धार असलेल्या सुरीनं एवढी भाजी दहा मिनिटांच्या आत चिरून होते. प्रोसेसर ओट्यावर आणा, भांडं बसवा, पातं बसवा, वांगी त्याच्या तोंडात मावतील एवढी कापून घ्या (म्हणजे सुरी लागलीच), मग भांडं, झाकण, पातं आणि दाबायचा दांडा धुवा. बस कधीच गेली. या यंत्राचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, ढीगभर चिरायचं-किसायचं असेल तेव्हा. दुसरा, कणीक मळायला, आणि ज्यांची बोटं दुखतात त्यांना तो मोठाच आधार आहे. पण तुमच्याकडे ज्यांची बोटं दुखतात त्या भाकरी करतात. भाकरीचं पीठ काही कणकेसारखं एकदम मळून ठेवत नाहीत. एकेका भाकरीपुरतं घ्यायचं, गरम पाण्यात भिजवायचं, तळहाताच्या मुळाशी रगडायचं आणि लगेच थापायचं. तिथे यंत्राचं काही काम नाही.

मग करायचं काय? उद्या सकाळी सहाला स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसा. मोबाइल बाहेर ठेवा. काही सुचवू नका, नुसतं बघा. कोण कुठे जोर लावतंय, कोण एकाच वस्तूसाठी पुन्हा पुन्हा वाकतंय, पोळपाट हलतो का, कुकरच्या झाकणातून वाफ फुसफुसते का, गरम पातेलं उतरवायला सांडशी हाताशी आहे की पदरानं उतरवतात. दोन दिवस हे बघितलंत की या पत्रातलं पुढचं अर्धंच वाचलं तरी चालेल.

दुरून मला जे दिसतंय ते सांगते. सुरुवात विळीपासून.

आई विळी सोडत नाहीत त्याला हट्ट म्हणू नका. सुरी एका मुठीत घट्ट धरून दाबावी लागते. विळीचं पातं जागेवर उभं असतं, भाजी दोन्ही हातांत धरून पात्यावर ढकलायची. सांधे धरलेल्या माणसाला मूठ आवळणं हेच सगळ्यात जड जातं, म्हणून त्यांच्या हातांनी स्वतःच सोय शोधली आहे. अडचण आहे ती खाली बसण्या-उठण्याची, आणि माझी पैज आहे, धारेचीही. एक पिकलेला टोमॅटो घ्या आणि पात्यावर अलगद टेकवून पुढे न्या. साल आपोआप फाटली तर धार आहे. टोमॅटो आधी दबला आणि मग फुटला, तर आई रोज सकाळी धारेच्या जागी बोटांचा जोर घालताहेत. बोथट पातं घसरतंही जास्त, कारण आपण जोर लावतो आणि तो भलतीकडे जातो. घरात बोट कापण्याचे बरेच प्रसंग त्यामुळेच येतात.

गल्लीत चाक घेऊन फिरणारा धारवाला येत असेल तर विळी त्याच्याकडे द्या, पण वर्षातून एक-दोनदाच. ते चाक लोखंड खातं. दर महिन्याला पातं त्याच्यापुढे धरलंत तर चारेक वर्षांत त्याची काडी होईल. मधल्या काळासाठी दोन बाजूंचा धारेचा दगड आणा, एक बाजू खरखरीत, एक मऊ. दगड पाण्यात भिजवा, सुरी त्यावर बेताची तिरपी धरा (पातं आणि दगड यांच्यात पंधरा ते वीस अंशांचा कोन, तुम्ही शिक्षक आहात, कोनमापक घरात असेलच) आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा फिरवा. रविवारी दहा मिनिटांचं काम. हे काम तुमचं. विळीचं पातं साध्या लोखंडाचं असेल तर चिरून झालं की पुसून कोरडं ठेवा, लिंबू-चिंच लागल्यावर तर ताबडतोब.

आईंना खाली बसणं अगदीच जमेनासं झालं असेल तर ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवायची विळी मिळते. उभ्यानं किंवा उंच स्टुलावर बसून वापरता येते. मुलं घरात आहेत, तेव्हा काम झालं की पातं मिटलं जाईल अशीच घ्या. सूनबाईसाठी एक बरी सुरी. पातं वीतभर, आणि पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, रिबिटांनी पक्कं केलेलं. मुठीत नुसतं खोचलेलं पातं वर्षभरात डुगडुगतं. आईंना सुरी कधीमधी लागलीच तर मुठीवर सुती पट्टी गुंडाळून ती जाड करा. जाड मूठ धरायला बोटं कमी आवळावी लागतात. उलथणं, पळी, रवी, सगळ्यांनाच हे लागू. फक्त पट्टी सोडून धुता येईल अशी बांधा.

आता तवा. तुम्ही "नॉनस्टिक तव्यांचा सेट" असं लिहिलंत आणि मला पुढचं न वाचताच कळलं, की भाकरी त्यावर टाकून बघितली गेली आणि आईंनी तोंड फिरवलं. बरोबरच होतं. भाकरीला कडक तापलेला कोरडा तवा लागतो. वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची, दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर फुगवायची. नॉनस्टिकचा लेप कोरडा, मोठ्या आचेवर तापवण्यासाठी नसतोच. साधारण 260 अंश सेल्सियसच्या पुढे तो बिघडायला लागतो, आणि रिकामा पातळ तवा मोठ्या आचेवर तिथपर्यंत जायला फार मिनिटं लागत नाहीत. अंड्याची पोळी, धिरडी यांना तो ठेवा. मंद आच, लाकडी उलथणं. भाकरीसाठी लोखंडी तवा आणा.

लोखंडी म्हणजे कोणता? बिडाचा, म्हणजे ओतीव, उष्णता छान धरून ठेवतो, पण इतका जड की आईंच्या मनगटाला तो उचलवणार नाही, आणि हातातून पडला तर तडकतो. तुमच्याकडे जाड लोखंडी पत्र्याचाच बरा, तीनेक मिलिमीटर जाडीचा, दांडीचा. पातळ तव्यात आच जिथे लागते तिथेच तो तापतो, मधली भाकरी करपते आणि कडा कच्च्या राहतात. जाडी असली की उष्णतेला कडेपर्यंत पसरायला वाव मिळतो. दुकानात तवा सपाट फरशीवर ठेवा, काठावर बोटानं दाबा. तो डुलला तर परत द्या. दांडीची रिबिटं बघा, काठावरून बोट फिरवून धार लागते का बघा. भांडीवाला कंटाळेल, कंटाळू दे. अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, मार्गशीर्षात सारंगखेड्याला तापीकाठी दत्ताची, घोडेबाजाराची. यात्रेतल्या दुकानांत तवे मांडलेले दिसले तर एकदा वजन करून बघाच. घोडे बघून झाल्यावर.

नवा तवा आणला की त्यावरचं कारखान्याचं तेल साबणानं घासून काढा, कोरडा करा, मग शेंगदाण्याच्या तेलाचा बोटभर थेंब फडक्यानं सगळीकडे चोळा आणि पुसून टाका. अगदी पुसूनच टाका, तेल दिसता कामा नये. तवा धूर येईपर्यंत तापवा, थंड करा, पुन्हा तेच. दर वेळी तेलाचा एक पातळ थर लोखंडावर घट्ट बसतो आणि तवा हळूहळू काळा, गुळगुळीत होतो. पहिल्या आठवड्यात भाकरी थोडी चिकटेल, विशेषतः कळण्याची, कारण त्यात उडीद असतो. धीर धरा. त्या आठवड्यात कुणी तव्याला तारेच्या घासणीनं चकचकीत केलं तर सगळं पहिल्यापासून. भांडी घासायला बाई येत असतील तर त्यांना तव्याची कहाणी आधीच सांगून ठेवा. आणि पोळीचा तवा वेगळा ठेवा. तेल लावलेल्या तव्यावर भाकरी टाकली की आधी धूर, मग भांडण.

रोटीमेकरबद्दल दोन शब्द. ज्वारीच्या आणि बाजरीच्या पिठात गव्हासारखा ताण नसतो, त्यामुळे तो गोळा दोन पाट्यांमध्ये दाबला की कडेनं चिरफळतो. भाकरीला जो चिकटपणा येतो तो गरम पाण्याचा आणि रगडण्याचा, आणि पीठ ताजं असण्याचा. महिनाभराचं पीठ असेल तर आईंच्या हातालाही दाद देत नाही. गव्हाच्या पोळ्याही त्यात जाड आणि चिवट होतात. ज्याला खपेल त्याला विका. सूनबाईला थापता येत नसेल आणि कधी आईंना बरं नसेल, तर उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढा, चांगली मळा आणि कोरड्या पिठावर लाटून भाकरी करा. थापलेलीची सर येत नाही, पण फुगते. जुन्या बायका नाक मुरडतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांच्यापैकी अर्ध्या जणी आता लाटूनच करतात.

"जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे इथेच सांगून टाकते. पाटा-वरवंटा कोपऱ्यात सुखानं बसू द्या. शेवभाजीसाठी कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजून ते वाटायला मिक्सरइतकं सोयीचं काही नाही. तिथे वाटण गुळगुळीतच हवं, आणि मिक्सर ते दोन मिनिटांत देतो. चुलीवर धुरात डोळे लाल करून घेण्यातही काही पुण्य नव्हतं. प्रत्येक कामाचं आपापलं हत्यार. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायचे झाले की अजूनही खापर लागतंच. ते मातीचं, पालथं, घुमटासारखं, त्याखाली जाळ, आणि हातांवर पसरून पसरून मोठा केलेला मांडा त्या अख्ख्या घुमटावर अलगद अंथरायचा. एवढ्या मोठ्या पातळ पोळीला सगळीकडून सारखी आच देणारं दुसरं काही घरात नसतं. म्हणून खापर टिकलं. परंपरेसाठी कुणी टिकवलं नाही.

ठेच्याचं तसंच. आईंचं "चव नही" हे खोटं नाही. मिक्सरचं पातं फार वेगानं फिरतं, मिरची-लसूण कापून कापून त्याची लगदी करतं, वर ते थोडं तापवतंही. बडगीत मुसळीखाली मिरची फुटते, तंतू राहतात, रस आणि मीठ एकमेकांत मुरतात, दाताखाली काहीतरी येतं. भरिताची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, साल काढायची, आणि हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर बडगीत ठेचायची. वांगी मिक्सरला लावली की त्याची चटणी होते, भरीत होत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बडगीला कुणी विचारलं नाही.

पण आईंच्या बोटांनी रोज मुसळी धरणं बरं नाही. यावर उपाय मशीनचा नाही, माणसाचा आहे. भाऊ, तुमच्या पत्रात सकाळी सहा ते आठ आई काय करतात ते आहे, सूनबाई काय करते ते आहे, मुलांचे डबे आहेत, बसची वेळ आहे. गुरुजी त्या दोन तासांत काय करतात, ते काही मला सापडलं नाही. दोनदा वाचलं.

ठेचा कुटायला दहा मिनिटं लागतात आणि दोन-तीन दिवस टिकतो. भाजी रात्री जेवण झाल्यावर चिरून, फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवता येते. वांगी-बटाटे तेवढे सकाळी, ते काळे पडतात. गवार, भेंडी, मेथी रात्री निवडून ठेवली तर सूनबाईची सकाळची पंधरा-वीस मिनिटं तिथेच वाचली. ती जे प्रोसेसरमध्ये शोधतेय ते हेच असावं, एकदा विचारून तर बघा. आणि विचारताना "मी मदत करू का" असं विचारू नका. "भाजी आजपासून मी चिरतो" असं सांगा.

आता कुकर, कारण त्यात वेळ आणि गॅस दोन्ही वाया जातात आणि कुणाचं लक्ष नसतं. कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो, त्यामुळे आतलं पाणी शंभरऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. त्यातलं मर्म असं, की एकदा पूर्ण दाब आला की आच मोठी ठेवून आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची वाफ शिट्टीवाटे बाहेर पडते. म्हणजे तुम्ही गॅसच्या पैशांनी स्वयंपाकघर तापवता. आणि खान्देशातलं स्वयंपाकघर, मे महिन्यात पारा 45 कडे गेलेला असताना! पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि मिनिटं मोजा, शिट्ट्या मोजू नका. तुरीची डाळ रात्री भिजवली असेल तर आणखी कमी वेळ लागतो.

झाकणाच्या कडेनं वाफ निघत असेल तर रबर गेलंय. रबर ताठ झालेलं, ताणल्यावर बारीक चिरा दिसणारं असलं की बदला. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं घ्या, रस्त्यावरचं "कोणत्याही कुकरला चालणारं" घेऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच वेळी बघा. शिट्टीच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का, ते झाकण उजेडाकडे धरून रोज बघायची सवय लावा, दोन सेकंदांचं काम आहे. डाळीचं साल तिथे अडकलं तर पुढचं सांगायला नको. कुकर नवाच घ्यायची वेळ आली तर आयएसआयची खूण असलेलाच घ्या. 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरला ती सक्तीची आहे.

स्टीलची भांडी घेताना बरेच जण खिशात लोहचुंबक घेऊन जातात. चिकटलं नाही म्हणजे अस्सल, असा समज. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नका. 304 किंवा 18/8 (म्हणजे पुरेसं निकेल असलेलं स्टील) असा शिक्का आहे का बघा, आणि त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे बूड जाड आहे का. स्टील उष्णता फार वाईट नेतं, ॲल्युमिनियम त्याच्या पंधरापट चांगली नेतं. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या कढईत पिठलं मध्येच लागतं. बुडाला दोन स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली कढई महाग असते, पण रोजच्या भाजीसाठी एक असावी. प्रोसेसरच्या पैशांतून घ्यायची असेल तर मी ही घेईन.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगते. पोळपाट हलत असेल तर त्याखाली ओलं फडकं अंथरा. चारपायी पोळपाट खडबडीत ओट्यावर डुलतो, तीनपायी डुलत नाही. सांडशीचा खिळा सैल झाला असेल तर तो ठोकून घ्या किंवा सांडशी बदला. उकळत्या डाळीचं पातेलं सैल सांडशीनं उचलण्यात काही काटकसर नाही. डब्यांची घट्ट झाकणं आईंसाठी सैल बसणारी करा, मीठ-हळद-तिखट तर रोज उघडायचं. ओट्याची उंची बघा. आई ठेंगण्या असतील तर त्या खांदे वर उचलून भाकरी थापत असतील. थापताना कोपर तळहातापेक्षा वर असायला हवं. भक्कम लाकडी पाट पायाखाली द्या, तो न सरकेल असा, किंवा टेबल-खुर्चीवर काठवट ठेवून थापू द्या. अर्ध्या भाकऱ्या बसून झाल्या तरी पाठीला विसावा.

माळ्यावरचं खाली काढा आणि वाटून टाका. दोरीचा चॉपर मात्र ठेवा, कांदा-कोथिंबिरीला तो खरंच बरा आहे, आणि दोरी मुलांना ओढू द्या, त्यांना आवडते. ओट्यावर हाताच्या अंतरात फक्त रोजच्या वस्तू: तवा, चिमटा, उलथणं, सांडशी, सुरी, पळी. वर्षातून चारदा लागणारा चकलीचा सोऱ्या कपाटात.

पैशाचं म्हणाल तर तवा, धारेचा दगड, सुरी, कुकरचं रबर आणि पायाखालचा पाट हे सगळं मिळून प्रोसेसरच्या निम्म्यातही यायला हरकत नाही. कढई घेतलीत तर थोडं वर जाईल. उरलेले सूनबाईच्या हातात द्या, तिला काय घ्यायचं ते घेऊ द्या. ती जे घेईल त्यावर तुम्ही किंवा आई एक शब्द बोलायचं नाही, ही माझी अट.

राहिली बडगी. टाकायच्या आधी ती कोरडी करून आत पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. ओल लागली नाही तर चीर वरवरची आहे. ती घासून धुवा, उन्हात नाही, सावलीत वाळवा. उन्हात लाकूड आणखी उकलतं. मग जवसाचं तेल दोन-तीनदा चोळून दर वेळी चार-पाच दिवस वाळू द्या. खायच्या तेलाच्या दुकानातलं घ्या, रंगाच्या दुकानातल्यात वाळवणारी रसायनं घातलेली असतात. शेंगदाण्याचं तेल इथे नको, ते वाळत नाही, खवट होतं. पाणी आरपार येत असेल, किंवा चीर बुडाशी असेल, तर मात्र ती बडगी खाण्यासाठी वापरू नका. चिरेत लसूण आणि वांगं अडकून आंबतं, आणि गोंद-भुसा भरून बुजवलेली चीर ठेच्यात उतरते. सुताराकडून एकाच अखंड ठोकळ्यातून कोरलेली नवी घ्या, जोड नसलेली, बूड रुंद आणि जड, म्हणजे कुटताना सरकणार नाही. आईंना बरोबर न्या, बडगी त्यांच्या पसंतीची होऊ द्या. मुसळी मात्र तुमच्या मुठीच्या मापाची घ्या.